मदत हवी आहे: ‘दरी कमी झाली’ हे ४८० जणींच्या सर्वेक्षणातून दाखवता येतं का?

कोरा_रकाना

मातृआरोग्याचा प्रकल्प आहे, तीन वर्षांचं अनुदान. २४ वस्त्या: १२ प्रकल्पाच्या, १२ तुलनेच्या. बेसलाइन (सुरुवातीची पाहणी) ३-४ थ्या महिन्यात झाली. दर वस्तीत गेल्या १२ महिन्यांत बाळंत झालेल्या २० जणी, एकूण ४८०. निर्देशक असा: गरोदरपणात किमान चार तपासण्या. मालमत्ता निर्देशांकावरून (घरात कोणत्या वस्तू आहेत यावरून काढलेला आकडा) ‘सर्वांत गरीब ४० टक्के’ आणि ‘उरलेल्या’ असे दोन गट केले. प्रकल्पाच्या वस्त्यांत गरीब गटात (९६ जणी) ३१ टक्के, उरलेल्यांत (१४४ जणी) ५८ टक्के आले. गरोदर बायकांकडे कार्यकर्तीच्या गृहभेटी सहाव्या महिन्यात सुरू झाल्या.

प्रस्तावात ‘दोन गटांतली दरी १० टक्के बिंदूंनी कमी होईल’ असं लिहून दिलं आहे. आता फंडरला (अनुदान देणाऱ्यांना) १८ व्या महिन्यात मिडटर्म (मधली पाहणी) हवं आहे आणि त्यात दरीचा आकडाही. एंडलाइन (शेवटची पाहणी) ३३ व्या महिन्यात. मूल्यमापनाला एकूण अनुदानाच्या ६ टक्के रक्कम आहे, ती वाढणार नाही.

बेसलाइनचीच प्रश्नावली पुन्हा फिरवावी का? आणि दरी वजाबाकीने दाखवायची की गुणोत्तराने?

मोजपट्टी

आधी मिडटर्मचं बघू, कारण तिथे पैसे वाया जायची खात्री आहे.

१८ व्या महिन्यात ‘गेल्या १२ महिन्यांत बाळंत झालेल्या’ म्हणजे ६ ते १८ या महिन्यांतल्या बाळंतिणी. सातव्या महिन्यात बाळंत झालेलीच्या जवळजवळ सगळ्या तपासण्या गृहभेटी सुरू होण्याआधीच उरकल्या. गरोदरपणाच्या सुरुवातीपासून गृहभेटी मिळालेल्या बायका १५ व्या महिन्यानंतर बाळंत झालेल्या, म्हणजे नमुन्यातल्या जेमतेम चौथा हिस्सा. बाकी तीन हिश्श्यांत बेसलाइनचीच सरमिसळ. आकडा हलला नाही की ‘प्रकल्प चालत नाही’ असा शेरा बसणार, तोही चुकीचा. एंडलाइनला ही अडचण नाही: २१ ते ३३ महिन्यांत बाळंत झालेल्या सगळ्याच जणी गृहभेटी चालू असताना गरोदर राहिलेल्या.

आता नमुना. बेसलाइनची दरी ५८ वजा ३१, म्हणजे २७ बिंदू. ९६ आणि १४४ जणींवर तिचं ९५ टक्के विश्वासांतर (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचा पट्टा) साधारण ±१२ येतं. दोन फेऱ्यांमधला दरीतला बदल काढला की ±१७. तुलनेच्या वस्त्यांतला तसाच बदल त्यातून वजा केला की ±२४ च्या आसपास. १० बिंदूंचा फरक यात दिसणं शक्य नाही. सरासरी मोजायला आखलेला नमुना दरी मोजायला पुरत नाही. प्रस्ताव लिहिताना हा हिशेब बहुतेक कोणी करत नाही, वाक्य मात्र सगळेच लिहितात.

तिरका_छेद

वरच्या हिशेबात क्लस्टरचा परिणाम धरलेला नाही, म्हणजे एकाच वस्तीतल्या (क्लस्टरमधल्या) जणी एकमेकींसारख्या असतात हे. दरीच्या बाबतीत तो थोडा माफ आहे: दोन्ही गट त्याच वस्त्यांतले असले की वस्तीचा परिणाम वजाबाकीत बराचसा निघून जातो. पण गरीब गटाची प्रकल्प विरुद्ध तुलना करताना माफ नाही. त्यामुळे अनिश्चितता (व्हेरियन्स) किती पट वाढते तो डिझाइन इफेक्ट = १ + (म − १) × आयसीसी. आयसीसी म्हणजे एका वस्तीतल्या जणी एकमेकींसारख्या किती, याचं माप. यात ‘म’ म्हणजे त्या उपगटातल्या दर वस्तीच्या जणी, वस्तीतल्या सगळ्या २० नव्हेत. तुमच्याकडे दर वस्तीत ८ गरीब, आयसीसी ०.०५ धरला तर १.३५.

वजाबाकी की गुणोत्तर याचं उत्तर: दोन्ही, आणि दोन्हीकडचे मूळ टक्केही. एक कल्पित उदाहरण घ्या. गरीब गट ४० वरून ५२ वर गेला, दुसरा ८० वरून ९४ वर. वजाबाकी ४० वरून ४२ झाली, म्हणजे दरी वाढली. गुणोत्तर २.० वरून १.८ वर आलं, म्हणजे दरी घटली. आता तपासणी *न* मिळालेल्यांचं गुणोत्तर काढा: आधी ६० भागिले २० म्हणजे ३, नंतर ४८ भागिले ६ म्हणजे ८! माहिती तीच, निष्कर्ष तीन. म्हणून कोणतं माप मुख्य, हे एंडलाइनचा डेटा हातात येण्याआधी विश्लेषण आराखड्यात तारखेनिशी लिहून ठेवा. नंतर निवडलं तर सोयीचं तेच निवडलं जातं, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी.

वरचा गट ९०च्या पुढे गेला की त्याला वर जायला जागाच उरत नाही. मग दरी आपोआप मिटते आणि श्रेय प्रकल्प घेतो. तुमच्याकडे ५८ आहे, सध्या तरी ही भीती नाही.

कोरा_रकाना

म्हणजे एंडलाइनला गरीब गटातल्या जास्त जणी घेतल्या तर भागेल?

मोजपट्टी

अर्धवट. प्रकल्पाच्या वस्त्यांत दोन्ही गटांतून २४०-२४० घेतल्या तर एंडलाइनच्या दरीचं अंतर ±९ च्या खाली येईल. पण बेसलाइनचं ±१२ तसंच राहणार, ते आता कशानेही सुधारत नाही. बदल ±१५ वर अडकतो.

म्हणून मुख्य प्रश्नच बदलून घ्या: ‘गरीब गटात चार तपासण्यांचं प्रमाण तुलनेच्या वस्त्यांतल्या गरीब गटापेक्षा जास्त आहे का?’ दोन्हीकडे २४० गरीब (दर वस्तीत २०, डिझाइन इफेक्ट १.९५) घेतल्या तर अंतर ±१२ च्या घरात येतं. वस्तीची बेसलाइन पातळी विश्लेषणात धरली तर थोडं आणखी आवळतं. ५-६ बिंदूंचा फरक तरीही दिसणार नाही, हे फंडरला आधीच सांगा. दरी दुय्यम निर्देशक म्हणून विश्वासांतरासह द्या.

करायचं असं. आधी वस्तीतल्या सगळ्या घरांची यादी, गेल्या वर्षात बाळंत झालेलीची नोंद आणि तिथेच मालमत्तेचे थोडके प्रश्न. त्यावरून दोन याद्या, आणि प्रत्येकीतून वेगळी सोडत. निवडीची शक्यता वेगळी झाली, त्यामुळे एकत्रित सरासरी काढताना भारांक लावायचे: यादीतल्या जणी भागिले निवडलेल्या. हा विसरला की सरासरी गरीब गटाकडे झुकते आणि प्रकल्पानंतर परिस्थिती बिघडल्यासारखी दिसते. वस्तीत २० गरीब बाळंतिणी नसतीलच तर असतील त्या सगळ्या घ्या, शेजारच्या वस्तीतून भरती करू नका.

तिरका_छेद

क्लस्टर फक्त २४ आहेत हेही लक्षात असू द्या. साधारण ४० पेक्षा कमी क्लस्टर असले की नेहमीची रोबस्ट मानक त्रुटी (क्लस्टर धरून काढलेलं अनिश्चिततेचं माप) खरीपेक्षा लहान येते. लहान नमुन्याची दुरुस्ती लावा, नाहीतर सरळ वस्तीचे टक्के काढून २४ आकड्यांवर विश्लेषण करा.

उंबऱ्यावर

मिडटर्म रद्द करून घेऊ नका, त्याचं काम बदला. फंडरला तेव्हा जे सांगता येतं ते म्हणजे पोहोच. गृहभेटीच्या नोंदवहीत पहिल्या भेटीतच मालमत्तेचे तेच प्रश्न घाला. मग दर तिमाहीला कळतं, की भेट मिळालेल्यांत गरीब ४० टक्क्यांतल्या किती. हा वाटा ४० च्या खाली असेल तर दरी कमी होणं अवघड, आणि हे ३३ व्या महिन्यापर्यंत थांबून कळण्यात अर्थ नाही. नवी सेवा आली की आधी सुस्थितीतले ती उचलतात, ही व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेली कल्पना अशाच ठिकाणी उपयोगी पडते.

सोबत मुलाखती. ‘लाभार्थी’ म्हणून कार्यकर्ती ज्यांना घेऊन येते त्यांच्या नकोत. नोंदवहीतून तीन याद्या काढा: एकही भेट न मिळालेल्या, एका भेटीनंतर सुटलेल्या, भेटी मिळूनही तपासणीला न गेलेल्या. प्रत्येकीतून ८-१० पुरतात. मुलाखत गृहभेट देणाऱ्या कार्यकर्तीने घ्यायची नाही, तिच्यासमोर तिची तक्रार कोण करणार? नोंदवहीत प्रश्न वाढवायला आणि मुलाखतींना नीतिसमितीची दुरुस्ती-मंजुरी लागेल. ती आधी, काम नंतर.

फंडरच्या पत्रात ‘आम्हाला जमत नाही’ असा सूर नको. मोजपट्टींचे ±१७ आणि चौथा हिस्सा हे दोन आकडे आणि पर्यायी निर्देशकांचा तक्ता एवढंच द्या. डेटा येण्याआधी केलेली दुरुस्ती बहुतेक जण मान्य करतात, नंतरची संशयास्पद वाटते.

कोरा_रकाना

हे जमण्यासारखं आहे. एक शेवटचं: बेसलाइनच्या मालमत्ता प्रश्नांत मोबाइल होता. आता तो जवळजवळ प्रत्येक घरात आलाय. एंडलाइनला निर्देशांक नव्याने काढू?

तिरका_छेद

नव्याने काढला तर ‘गरीब ४० टक्के’ म्हणजे वेगळीच माणसं होतील आणि तुलना संपली. बेसलाइनचेच गुणक (निर्देशांकात प्रत्येक वस्तूला दिलेलं वजन) आणि तीच सीमारेषा वापरा. मोबाइल काढायचा असेल तर दोन्ही फेऱ्यांतून काढा. बेसलाइनचा निर्देशांक मोबाइलशिवाय पुन्हा मांडा आणि ४८० पैकी किती जणी गट बदलतात ते मोजा. मूठभर असतील तर पुढे जा. बऱ्याच असतील तर दोन्ही पद्धतींचे निकाल शेजारी-शेजारी छापा. जुनी सीमारेषा ठेवल्यावर एंडलाइनला गरीब गट ४० टक्क्यांपेक्षा लहान निघेल, ते चालतं. घरांची यादी करताना मात्र तेवढ्या जास्त घरांची तयारी ठेवा.