मदत हवी आहे: १६ वर्षांचा संसार, मुलांसाठी थांबू की बाहेर पडू?

मी नाशिकची, सिडकोत राहते. मुलगी दहावीला, मुलगा पाचवीत. नवरा अंबडला कंपनीत शिफ्टला असतो. मारहाण नाही, दारू नाही, म्हणूनच निफाडला माहेरी कुणाला कळतच नाही की मला नक्की त्रास काय आहे, आई म्हणते दोन लेकरं आहेत पदरात, घे सांभाळून. पण गेली सहा-सात वर्षं आम्ही फक्त गॅस संपला, फी भरायची एवढंच बोलतो, त्यापलीकडे काही बोलले की टोमणे, नाहीतर आठ-आठ दिवस अबोला. परवा गाडीचा आवाज आला तर मुलगा हळूच म्हणाला, मम्मी टीव्ही बंद कर, पप्पा आले. तेव्हापासून झोप उडालीय माझी. ज्यांच्यासाठी थांबले तीच दबून जगतायत.

वकील मॅडमनी सांगितलं, संमतीने घटस्फोटासाठी आधी १ वर्ष वेगळं राहावं लागतं, एका घरात असूनही नवरा-बायकोसारखं नांदत नसलो तरी ते धरलं जातं, आणि अर्जानंतरचे ६ महिने कोर्ट माफ करू शकतं. बाईला मोफत वकीलही मिळतो म्हणे, उत्पन्न न बघता. कायदा समजला हो, पण मन तयार होत नाही. ब्लाऊज शिवून महिन्याला आठ-नऊ हजार येतात, त्यात दोन मुलं कशी काढायची?

मुलीची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत थांबावं का? आणि ज्या ताया यातून गेल्यात त्यांनी प्लीज सांगा, मुलांना पहिल्यांदा कसं सांगितलंत, कोणत्या शब्दांत?