मदत हवी आहे : चिनी जंगली ब्लॅक टी तुरट होतोय

मंडळी, भावाने चीनहून येताना फूजियानमधल्या वुयी डोंगरातला, तोंगमू गावचा ब्लॅक टी आणलाय, लाप्सांग सूचोंगच (हा एरवी पाईनच्या धुरावर वाळवतात) पण हा बिनधुराचा, आणि झाडं म्हणे मळ्यातली नाहीत, छाटणी वगैरे न करता रानात वाढलेली. पानं काळीभोर, बारीक पीळ दिलेली. दूध-साखर घालून उकळायचा नाही एवढं कळतं हो 😄 म्हणून गायवानमध्ये, म्हणजे ती झाकणाची चिनी वाटी असते ना त्यात, १०० मिलीला ५ ग्रॅम घालते, पाणी उकळलं की मिनिटभर थांबून ओतते. पहिलं पाणी १० सेकंदांत गाळलं की मस्तच, मधाचा गोडवा आणि रिकाम्या कपालाही सुक्या जर्दाळूचा वास. पण त्याच पानांवर ओतलेल्या तिसऱ्या-चौथ्या पाण्याला वेळ वाढवला की जीभ आखडते, घसा कोरडा, आणि नाही वाढवला तर नुसतं रंगीत पाणी!

पानं कमी करू की पाणी अजून निववू? आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, त्याचाही हात असेल का यात? ज्यांनी हा किंवा चीनच्याच युनान प्रांतातला जंगली चहा केलाय त्यांनी प्लीज सेकंदांसकट सांगा, डबा छोटासाच आहे, प्रयोगात संपायला नको.