कॉफीचा कप दोन दिवसांत पुसला, मग कथेतलं भगदाड का नाही बुजवलं?

रानवारा: गेम ऑफ थ्रोन्स या मालिकेचा आठवा, शेवटचा सीझन परत बघितला आणि परत तेवढाच वैतागलो. चौथ्या भागात मेजवानीच्या सीनमध्ये डेनेरिस राणीसमोर कॉफीचा कागदी कप राहिला, मे 2019 मध्ये जगभर बोभाटा झाला, मालिका दाखवणाऱ्या एचबीओ चॅनेलने दोन दिवसांत तो डिजिटली पुसला. ठीक. पण त्याच भागात तिचा शत्रू युरॉन, त्याचं आरमार खडकाआडून बाण मारतं, तीन बाणांत तिचा एक ड्रॅगन समुद्रात, आणि वरून उडणाऱ्या राणीला एवढी जहाजं दिसतच नाहीत! मालिकेचा एक निर्माता-लेखक बेनिऑफ, त्याचं स्पष्टीकरण काय, तर डेनेरिस त्या आरमाराबद्दल जराशी विसरलीच. अहो त्याच भागात आधी नकाशाभोवती मसलत चालते तेव्हा त्या जहाजांचा विषय निघतो आणि ती तिथेच असते. एवढ्या माणसांत एकालाही खटकू नये?

निशाचर: मी काही वर्षं क्यूसीत, म्हणजे प्रसारणाआधी भाग तपासण्याचं, काम केलंय म्हणून सांगतो, आमच्या शीटवर आवाज ओठांशी जुळतो का, सबटायटल उशिरा येतं का, फ्रेम गळलीय का, एवढंच असतं. सेटवर स्क्रिप्ट सुपरवायझर बघतो ते पेला कुठल्या हातात होता, जखम कुठल्या गालावर होती. राणी असं का वागली, हा कॉलमच नसतो. एका मालिकेत गावी गेलेली बाई पुढच्याच सीनला घरात चहा करत होती, मी रिमार्क टाकला, उत्तर आलं 'क्रिएटिव्ह आहे, पास करा'. नंतर मीही टाकायचे बंद केले, याचं अजून वाईट वाटतं.

कट्टेकरी: मला नाही पटत. हे नजरेतून सुटलेलं नाहीच, ठरवून केलंय. आधी सीझनला दहा भाग असायचे, सातव्यात सात झाले, आठव्यात सहाच. एचबीओ जास्त भाग द्यायला तयार होतं, निर्मात्यांनाच नको होते. दोन्ही बाजू तुल्यबळ दिसायला ड्रॅगन मरायलाच हवा होता, मग मारला. मालकानेच ठरवल्यावर खालचा माणूस काय अडवणार? आणि त्या वर्षी सर्वोत्कृष्ट ड्रामाचं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं अमेरिकन पारितोषिक, त्यांनाच मिळालं की.

रानवारा: एमी मिळालं म्हणून भगदाड बुजलं का? दहा लाखांवर लोकांनी सीझन पुन्हा बनवा म्हणून सह्या केल्या, ते उगाच? आणि मारायचाच होता तर मारा ना, पण धुकं दाखवा, रात्र दाखवा. स्वच्छ निळं आकाश ठेवून म्हणायचं ती विसरली!

मोगरा: तुम्ही सगळे पॉज करकरून बघता म्हणून दिसतं हे. ज्युरासिक पार्क सिनेमात टी-रेक्स डायनोसॉर ज्या कुंपणातून सपाट जमिनीवरून बाहेर येतो, थोड्या वेळाने तिथेच एवढी खोल दरी असते की गाडी खाली पडते. 1993 पासून लोक बघतायत, कुणाचं काही अडलं नाही. गोष्टीने पकडलं की माणूस विचारत नाही.

रानवारा: मोगराताई, तिथे जागा चुकली, माणसं नाही चुकली. गाडीतली मुलं घाबरलीयत ते खरंच वाटतं. इथे आठ सीझन जी बाई पै-पैचा हिशेब ठेवत आली तीच विसरते. आणि पाचव्या भागात बघा, तीच राणी सूर्याच्या बाजूने खाली झेपावते आणि एकाच ड्रॅगनवर तेच आख्खं आरमार जाळून टाकते. म्हणजे तोडगा लिहिणाऱ्यांना माहीत होता, एक भाग आधी तो तिला सुचूच दिला नाही.