कमलाबाई सोहोनी: रामन यांचा नकार सोडून आणखी काय सांगावे?

प्रश्न: तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात महिला शाखेतर्फे दर महिन्याला एका कर्तबगार स्त्रीवर अर्ध्या तासाचे भाषण असते. या वेळी पाळी माझी आहे. मी उत्साहाच्या भरात डॉ. कमला सोहोनींचे नाव सुचवून बसले आणि आता अडचणीत सापडले आहे. मी जन्मभर मराठी शिकवले. विज्ञानाशी माझा संबंध परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षण करण्यापुरताच आला.

जे जे वाचायला मिळाले त्या सगळ्यात एकच प्रसंग रंगवलेला आहे. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी उत्तम गुणांनी मिळवून कमला भागवत यांनी १९३३ साली बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला; त्या तिथे जाऊन अडून बसल्या आणि अखेर अटी घालून त्यांना घेण्यात आले. प्रसंग जबरदस्त आहे यात शंका नाही. मात्र पुढे केंब्रिज, नीरा, राष्ट्रपती पुरस्कार असे तीन शब्द येतात आणि लेख संपतो. नायिका उंबरठ्यावर पोचताच पडदा पाडणाऱ्या नाटकासारखे हे मला वाटते. घरात शिरल्यावर तिने केले काय?

म्हणून दोन गोष्टी विचारते. एक, त्यांचे प्रत्यक्ष संशोधन कशाचे होते, हे पन्नाशी-साठीच्या गृहिणींना समजेल असे कोणी सांगेल का? आणि दुसरी, ‘विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ हे बिरूद मी निर्धास्तपणे वापरू का?

प्रतिसाद १: मूगमटकी

मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहिते. तुमचा श्रोतृवर्ग स्वयंपाकघरातला आहे ही मला अडचण वाटत नाही, उलट सोय वाटते, कारण कमलाबाईंचे बरेचसे संशोधन ताटातल्या पदार्थांवरच झालेले आहे.

बंगळुरूला एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतली प्रथिने वेगळी करून तपासली आणि त्याच कामावर १९३६ साली एमएस्सी मिळवली. केंब्रिजमधले काम मात्र याहून मूलभूत होते. तिथे त्या न्यूनहॅम कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या आणि सुरुवातीला डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करत होत्या. बटाट्यावर प्रयोग करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे दाखवले. विहिरीतला गाळ काढताना माणसे रांगेत उभी राहून घमेले हातोहात वर देतात, तसे पेशी अन्न जाळते तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे दिले जातात, आणि त्या रांगेतला एक गडी म्हणजे हे लोहयुक्त प्रथिन. तुमच्या श्वासात आणि टोपलीतल्या बटाट्याच्या श्वासात इतके साम्य आहे, असे सांगितलेत तर कोणी जांभई देणार नाही. हे सगळे त्यांनी साधारण चौदा महिन्यांत पुरे केले आणि १९३९ साली सादर केलेला प्रबंध चाळीस पानांचा होता. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधात चाळीस पाने तर ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिकेतच जातात.

तरी तुमच्या भाषणासाठी मी मुंबईचे काम निवडीन. लग्नानंतर, १९४७च्या पुढे, त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि तिथे विद्यार्थ्यांच्या तुकड्यांमागून तुकड्यांनी त्यांच्या हाताखाली आपली रोजची कडधान्ये तपासली. कच्च्या वालात, डबल बीत असे काही प्रथिन असते की ते आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिनला घट्ट धरून ठेवते. ट्रिप्सिनचे काम प्रथिने तोडण्याचे. त्याचेच हात बांधले गेले तर खाल्लेले कडधान्य नीट पचत नाही. याखेरीज रक्तातल्या तांबड्या पेशींचे गठ्ठे करणारी प्रथिनेही वालात सापडतात, आणि त्यांवरही त्यांच्या गटाचे शोधनिबंध आहेत. व्यवस्थित शिजवले की या दोहोंचा जोर बराच ओसरतो. आपल्या आज्या वाल रात्रभर भिजवत, मोड आणत, कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढत आणि मगच बिरडे शिजवत, त्यांना ट्रिप्सिन ठाऊक नव्हते; पण अर्धवट शिजलेले वाल पोटात कसे दुखतात हे पक्के ठाऊक होते. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने त्या दुखण्याचे एक कारण परीक्षानळीत पकडले.

प्रतिसाद २: जुनेदप्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: निर्धास्तपणे वापरू नका.

वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माळ यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट १९३१ साली मिळाली, म्हणजे कमलाबाईंच्या आठ वर्षे आधी. पदवीचे नाव ‘डीएस्सी’ होते आणि ‘पीएचडी’ नव्हते, या अक्षरांच्या आधारावर कमलाबाईंचे बिरूद वाचवता येईल, पण त्यात काही शोभा नाही.

मराठी श्रोत्यांसमोर बोलताना आणखी एक नाव डोळ्याआड करणे मला कठीण वाटते. ते म्हणजे इरावती कर्वे. आपण त्यांना महाभारतावरच्या लेखनासाठी ओळखतो, परंतु बर्लिनमध्ये त्यांनी जी डॉक्टरेट केली ती मानवी कवट्यांच्या असममितीवर (दोन्ही बाजू सारख्या नसण्यावर), म्हणजे मोजपट्टी आणि कॅलिपर हातात घेऊन, आणि तीही जानकी अम्माळ यांच्या पदवीच्या सुमारास. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, अशा धर्तीचा निष्कर्ष त्यांना हवा होता. इरावतीबाईंनी मापे घेतली आणि वंशावरून असा काही भेद दिसत नाही असे लिहून दिले. शारीरिक मानवशास्त्राला विज्ञान मानायचे की नाही, यावर ‘पहिली’ कोण हे ठरणार असेल, तर तो शब्दच सोडून द्यावा. ‘केंब्रिजमधून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या’ एवढे म्हणा. कोणी हात वर करून तुम्हाला अडवणार नाही.

ओघात एक सांगतो. कमलाबाई या दुर्गाबाई भागवतांच्या सख्ख्या बहीण. हे तुम्हाला बहुधा ठाऊक असेल, पण वाचनालयातल्या बायकांना ही ओळख सर्वांत जवळची वाटेल. एक बहीण बंगळुरूच्या संचालकांच्या दालनात ठाण मांडून बसते आणि दुसरी १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध उभी राहते, तेव्हा त्या घरातल्या वातावरणाविषयी कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही. वडील नारायणराव आणि काका दोघेही त्याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये रसायनशास्त्र शिकलेले होते. वडील-काकांना जिथे शिकता आले तिथे आपल्याला का नाही, या प्रश्नाची धार त्यामुळे अधिक लागली असणार.

प्रतिसाद ३: तिरपाकोन

हे लिहिल्यावर माझ्यावर दगड येतील, तरीही लिहितो. रामन यांना सरसकट खलनायक करून भाषण रंगवू नये. १९३३चा काळ पाहा. शिवाय कमलाबाईंचे काम पाहून त्यांनी आपले मत बदलले आणि नंतर मुलींना संस्थेत प्रवेश मिळू लागला, हेही त्याच कथेत आहे. चूक कळल्यावर बदलणारा माणूस, असेही त्यांच्याकडे पाहता येते. पुढे त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत अ‍ॅना मणी यांच्यासारख्या स्त्रिया काम करत होत्या.

प्रतिसाद ४: रात्रपाळी

तिरपाकोन, दगड मारत नाही, पण त्या अटी एकदा सावकाश वाचा. पहिले वर्ष परीक्षाधीन. म्हणजे काम समाधानकारक वाटले तरच नियमित प्रवेश. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करायचे. आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही. तिसऱ्या अटीचा अर्थ असा की पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित झाले तर जबाबदारी हिची. कमलाबाईंनी उतारवयात, स्त्री-वैज्ञानिकांच्या सभेत, हा आपला अपमान होता असे स्पष्ट म्हटले होते. ज्याच्यावर बेतली तो पन्नास वर्षांनीही विसरला नसेल, तर ‘त्या काळी तसेच होते’ हे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितीसा उरतो?

दुसऱ्या अटीबद्दल थोडे स्वतःचे सांगते. मी ऐंशीच्या दशकात एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. तिथे मुलींना संध्याकाळी सातनंतर थांबायचे असेल तर पालकांचे पत्र आणावे लागे. माझा प्रयोग मात्र दर चार तासांनी नमुना मागणारा होता, आणि जीवाणूंना पालकांच्या पत्राशी देणेघेणे नसते. शेवटी रात्री अकराचा नमुना एक मित्र घेई आणि माझ्या वहीत त्याच्या अक्षरातले आकडे येत. ते अक्षर आजही वहीत पाहिले की मला राग येतो. म्हणजे १९३३ साली मुलीला ‘रात्री काम करशील तरच’ असे बजावले आणि पन्नास वर्षांनी ‘रात्री काम करायचे नाही’ असे. नियम उलटा झाला, पण तो ठरवणारे तेच राहिले.

अ‍ॅना मणी यांचे उदाहरण तुम्ही दिलेत, तर तेही पुरते सांगू. त्यांनी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम केले, स्वतःच्या एकटीच्या नावावर निबंध छापले, १९४५ साली प्रबंध दिला, आणि एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. यात दोष रामन यांचा नाही, विद्यापीठाचा आहे, हे मान्य. त्यानंतर त्या हवामानशास्त्राकडे वळल्या आणि पुण्याच्या वेधशाळेत उपकरणे घडवण्यात त्यांनी नाव काढले.

आणि केवळ बंगळुरूकडे बोट दाखवण्यातही अर्धेच सत्य आहे. ज्या केंब्रिजला आपण उदार म्हणून समोर ठेवतो, तिथे १९४८ पर्यंत स्त्रियांना पदवीचे केवळ नाव मिळत असे. पूर्ण पदवी आणि तिच्याबरोबरचे विद्यापीठाचे सभासदत्व पुरुषांपुरतेच होते. कमलाबाईंची १९३९ची पदवी त्याच नियमाखालची. रामन यांनी दार लावून घेतले, ते निदान दिसले तरी. केंब्रिजने दार उघडले आणि बसायला पाट दिला नाही.

प्रतिसाद ५: मूगमटकी

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून मीही जुन्या वह्या आठवल्या. मूळ प्रश्नाकडे वळून नीरेविषयी लिहिते, कारण तो भाग माझ्याकडून राहिला.

नीरा म्हणजे ताडा-माडाचा ताजा गोड रस. पहाटे मडके उतरवल्यावर ती पाण्यासारखी नितळ आणि गार असते, पण ऊन चढू लागले की आंबते आणि तिची ताडी होते. ते लांबवण्यासाठी मडक्याला आतून चुना लावतात. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेतले पोषक घटक तपासायला घेतले. त्यांना तिच्यात जीवनसत्त्वे आणि लोह चांगल्या प्रमाणात आढळले, आणि रस आटवून केलेल्या गुळातही त्यांतले बरेच टिकून राहते असे दिसले. त्यानंतर कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. नीरा प्या आणि धष्टपुष्ट व्हा, असा प्रचार मात्र करू नका. ज्यांच्या ताटात दुसरे काही नाही अशांना दारातल्या झाडावरून काय मिळू शकेल, हा त्या प्रयोगामागचा प्रश्न होता. ती डाळ-भात-भाजी खाणाऱ्यांसाठी सांगितलेली गोष्ट नव्हे.

आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या प्रतीबाबत सल्ला दिला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूटचे संचालकपद त्यांच्याकडे यायला बराच उशीर झाला, याची नोंद भाषणात जरूर घ्या. बंगळुरूचा प्रसंग एकदा घडून संपला असे श्रोत्यांना वाटू नये. निवृत्तीनंतर त्या मुंबईच्या ग्राहक चळवळीत रमल्या, १९८२-८३ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या अध्यक्ष होत्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत असत. किराणा मालातली भेसळ ओळखणे आणि वालातले प्रथिन ओळखणे ही माझ्या मते एकाच हाताची कामे आहेत.

त्या गेल्या १९९८ साली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. यावर भाषण संपवण्याचा मोह तुम्हाला होईल. तो टाळा, एवढीच विनंती.

मूळ लेखिका: तळ्याकाठची

तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. ‘पहिली’ हा शब्द फलकावरून काढायला सांगितले. ग्रंथपाल किंचित नाराज झाले, कारण फलक रंगवून तयार होता. इरावतीबाईंवर पुढच्या महिन्यात स्वतंत्र भाषण ठेवावे असे मी सुचवले आहे आणि ते काम जुनेदप्तर यांच्या माहितीच्या भरवशावर माझ्याच गळ्यात पडण्याची चिन्हे आहेत.

रामन यांचा प्रसंग मी सांगणार आहे, पण सुरुवातीला नाही. तिरपाकोन यांची बाजू एका वाक्यात आणि रात्रपाळी यांच्या तिन्ही अटी शब्दशः सांगून पुढे जाईन. सुरुवात मात्र वालांनी. एका वाटीत भिजवलेले, दुसरीत मोड आलेले आणि तिसरीत शिजवलेले असे नेऊन, यांतले पोटाला कोणते सोसेल आणि का, असे आधी विचारीन. ‘सोसेल’पर्यंत सगळ्याजणी उत्तर देतील, ‘का’ला थांबतील, आणि तिथे कमलाबाईंना आणता येईल.

मूगमटकी, एकच शंका. कार्यक्रम रविवारी दुपारी चारला आहे आणि सध्या आमच्याकडे थंडी कडाक्याची पडली आहे. मोड यायला शुक्रवारी सकाळी भिजवलेले पुरतील, की गुरुवारीच घालू?

प्रतिसाद ६: मूगमटकी

गुरुवारी रात्री घाला, आणि शुक्रवारी उपसून फडक्यात बांधल्यावर ती पुरचुंडी तांदळाच्या डब्याजवळ वगैरे न ठेवता उबेला, भाताच्या गरम कुकराशेजारी ठेवा. साले मात्र रविवारी सकाळीच काढा, नाहीतर डाळिंब्या काळ्या पडतील.