एनसीसीचा फॉर्म: भरलात, की राहून गेला?

रविवारदुपार
लेकीच्या शाळेतून परवा एनसीसीचा फॉर्म आला. आठवीत गेलीये ती. फॉर्म फ्रिजवर चिकटवला आणि म्हणाली, "मला नाही आवडत ते." मी पोळ्या लाटत होते, हात थांबलाच. शब्दाला शब्द हेच मी १९९२ साली आमच्या सरांना सांगितलं होतं.

शाळा तालुक्याला, आमचं गाव आत नऊ किलोमीटर. शनिवारची सकाळची शाळा साडेअकराला सुटायची. पावणेबाराची एसटी गेली की पुढची थेट सहाला. आणि परेड शाळा सुटल्या सुटल्या, थेट दोनपर्यंत. सरांनी भिंतीवर खडूने रेघ मारली होती, तिच्यापाशी एकेकीला उभं करून उंची बघत होते. मी रेघेच्या वर चांगली दोन बोटं. सर खूश झाले, नाव लिहायला पेनाचं टोपण काढलं, आणि मी म्हटलं, मला नाही आवडत.

मग दोन वर्षं दर शनिवारी एसटीच्या खिडकीतून ग्राउंड दिसायचं. शाळेत रोजचं दक्ष-आराम, तिकडे सावधान-विश्राम. तेवढं ऐकू येईपर्यंत गाडी वळायची.

गेल्या दिवाळीत बाबांना हे सहज बोलता बोलता सांगितलं. ते गप्पच झाले. मग म्हणाले, "अगं, मी सायकल घेऊन आलो असतो की." मी त्यांना विचारलंच नव्हतं. गाडीची वेळ, धाकट्या भावाला कोण बघणार, सगळं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

तर सांगा ना. एनसीसी, स्काऊट, आरएसपी (रस्ता सुरक्षा दल), लेझीम, बँड, काय घेतलंत, काय सोडलंत? आणि ठरवलंत कसं? शुक्रवारी फॉर्म द्यायचाय.

कोकणकडा
सायकलपाशी थांबलो. दोनदा वाचलं.

मी एनसीसी घेतली ती परेडनंतरच्या खाण्यासाठी. वडापाव आणि केळं मिळायचं. घरी तेव्हा दुपारचं जेवण असेलच असं नव्हतं, त्यामुळे फार विचार केलाच नाही. गोडी लागली ती दुसऱ्या वर्षी, फायरिंगला. पॉइंट टू टू रायफल, पाच गोळ्या. पालथं पडायचं, दस्ता खांद्यात घट्ट, गाल लाकडाला. शिकवणारे उस्ताद कानाशी हळूच म्हणायचे, "साँस रोक, ट्रिगर दबा." एरवी सगळं मैदान हादरवणारा माणूस, तिथे एवढा मऊ बोलायचा. टार्गेटचा कागद आणला तर तीन भोकं एका रुपयाखाली झाकली जातील अशी. आईने तो कागद देवघरात ठेवला होता.

डबा_विसरले
किती सुंदर लिहिलंयस गं! माझं आरएसपीचं आहे, सविस्तर लिहिते. कुकर झाला.

निळीशाई
आमच्याकडे मुलींना एनसीसी नव्हती, गाईड (मुलींचं स्काऊट) होतं. मैत्रीण म्हणाली तू असशील तर मी, मी म्हटलं तू असशील तर मी. दोघींनी नाव दिलं आणि जूनमध्येच तिच्या वडिलांची बदली झाली. मी एकटी राहिले मोगरा संघात (गाईडच्या संघांना फुलांची नावं असतात). पहिले दोन महिने रोज सोडायचं ठरवत होते.

मग खरी कमाई आली. स्वतः राबून पैसे मिळवायचे, घरून मागायचे नाहीत. आम्ही आठवडी बाजारात ओली भेळ विकली. कांदा चिरून चिरून डोळे सुजले, चिंचेचं पाणी दोनदा संपलं. खर्च जाऊन चौसष्ट रुपये उरले. ते मोजताना संघातल्या ज्या मुलीशी मी कधी बोलले नव्हते, तिने डावा हात पुढे केला. स्काऊट-गाईड डाव्या हाताने हस्तांदोलन करतात ना. आजही आम्ही भेटलो की डावाच हात पुढे येतो. तिच्या मुलीच्या लग्नात मांडवातसुद्धा.

पाटाकडेचा
आमच्या शाळेत इचारायची पद्धतच नव्हती ओ. सरांनी बोट दाखवलं की लेझीम. पण काय सांगू, २६ जानेवारीला हलगी कडाडली का अजून बी पाय आपोआप पडत्यात.

कोकणकडा
हलगी! तुमच्याकडे हलगी होती? आमच्याकडे नुसता ढोल.

पाटाकडेचा
हलगीबिगर लेझीम कसली भाऊ. या एकदा जत्रेला.

घनगर्द
माझा अनुभव वेगळा आहे, तोही इथे असावा म्हणून लिहिते. मी एनसीसी घेतली आणि सोडली. दुसऱ्याच महिन्यात, भर उन्हात परेड, पाळी आलेली, सांगायला एकही बाई नाही. रांगेतून बाहेर आले तर सगळ्यांसमोर "नाटकं" म्हणून ऐकवलं. घरी आले, टोपी परत केली आणि पुन्हा गेले नाही. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. त्या वयात मी माझ्या बाजूने उभी राहिले.

रविवारदुपार, लेकीला एवढं नक्की विचार की मुलींच्या परेडला बाई असतात का, मध्ये पाणी प्यायला सोडतात का, आणि बरं नसेल तर कोणाला सांगायचं.

रविवारदुपार
घनगर्द, हे मला सुचलंही नसतं. लिहिलंस ते फार बरं केलंस.

खडूफळा
घनगर्द, वाचून जिवाला लागलं. बावीस वर्षं शाळेत एनसीसी बघितली मी. तुझ्याशी जे झालं ते चूकच होतं, त्यात तुझं काहीही चुकलं नाही.

आता रविवारदुपारसाठी, फॉर्म भरण्याआधीचं. शाळेतली एनसीसी म्हणजे ज्युनिअर, दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षाअखेरीस 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा. तिला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून परेडचा वार कोणता आणि त्या वेळी क्लास आहे का हे आधी बघा. वार्षिक कॅम्प साधारण दहा दिवसांचा, सुट्टीत मामाकडे जायचं असेल तर तेही मनात धरा. जागा ठरलेल्या असतात. मुलाने अर्ध्यात सोडलं तर ज्याची खरोखर इच्छा होती त्याची जागा गेलेली असते. यादी लागल्यावर नाव नसलेली मुलं व्हरांड्यात कशी उभी राहतात ते मी दरवर्षी पाहिलंय.

दहावीच्या वाढीव गुणांसाठी घालणारे पालक पुष्कळ. गुणांना नाव ठेवत नाही मी, मिळतात ते कष्टाचेच असतात. पण नुसत्या गुणांसाठी आलेलं पोर पहिल्या पावसाळी परेडला ओळखू येतं.

मांडवीकाठ
आमचें गोंयचें वेगळें. मी एनसीसीच्या नेव्हल विंगला, म्हणजे नौदलाच्या शाखेत होतो. पांढरा गणवेश! आई म्हणाली, "तू घे खुशाल, नीळ तुझी तू घालायची." त्या एका अटीवर ठरलं. शनिवारी रात्री बादलीत नीळ, रविवारी पहाटे इस्त्री. नीळ जास्त झाली की शर्टावर ढग दिसायचे. बोट पुलिंगने (वल्ही मारून) तळहाताला जे घट्टे पडले ते कॉलेज संपेपर्यंत होते, आणि मला ते फार प्रिय होते.

जर्सीतली_जाई
इथे अमेरिकेत सप्टेंबरात शाळेत क्लबांची जत्राच भरते, टेबलं मांडून. पोरं दोन-तीन आठवडे बसून बघतात, नाही जमलं तर दुसरीकडे. माझा लेक बुद्धिबळ सोडून रोबोटिक्सला गेला, आता शनिवारी घरात स्क्रू सापडतात सगळीकडे. बघून ठरवायची सोय आपल्याला मिळायला हवी होती असं फार वाटतं.

डबा_विसरले
आले परत. आरएसपी राहू दे, आधी सांगा, बेल्टचं पितळी बकल कशाने घासायचात? आमच्या दादाचं आठवलं. ब्रासो आणायला पैसे नसायचे, आई आमटीतली चिंच बाजूला काढून ठेवायची.

कोकणकडा
चिंचच. आणि बेरे कॅप गरम पाण्यात बुडवून, डोक्यावर तशीच ओली घालून एका बाजूला दाबत बसायचं, आकार येईपर्यंत. टोपीवरचा लाल हॅकल, म्हणजे तुरा, मात्र भिजू द्यायचा नाही. रात्रभर वहीत ठेवायचो.

निळीशाई
पीतांबरी होती की तेव्हा?

डबा_विसरले
आमच्या वाण्याकडे नव्हती ग.

रविवारदुपार
काल रात्री लेकीशी बोलले. दिवा घालवून, शेजारी पडून, म्हणजे तोंडं दिसत नाहीत. आधी आजोबांच्या सायकलीचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग विचारलं, तुला खरंच नाही आवडत?

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "परेड रविवारी सकाळी सातला आहे. तुला तेवढा एकच दिवस झोपायला मिळतो."

मला पुढे बोलता येईना. तिला जवळ ओढलं फक्त.

आज सकाळी बाबांना फोन केला. ते म्हणाले, रविवारी मी सोडेन तिला. आता आमच्या जवळच राहतात ते, बस एक सोडून दुसरी मिळते. घनगर्दचे तिन्ही प्रश्न लेकीने स्वतः चिठ्ठीवर लिहून नेले. बाई आहेत परेडला, तिने नाव विचारून आणलंय. फॉर्म गेला. निवड सोमवारी आहे, उंची, धावणं आणि थोडी लेखी.

खडूफळा
धावायला बूट जुनेच द्या गं, नवे चावतात.

घनगर्द
सोमवारी काय झालं ते कळव. वाट बघतेय.

पाटाकडेचा
आजोबास्नी नमस्कार सांगा आमचा.

रविवारदुपार
सांगते. डबा_विसरले, चिंच जुनी घ्यायची की नवी?

डबा_विसरले
जुनी, काळी. घासून झालं की लगेच धुवायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं, नाहीतर पुन्हा काळं पडतं. थांब, दादालाच विचारून सांगते.