जालना ते दौलताबाद लोकल हवीच

कुणीतरी म्हटलंय की संभाजीनगरला लोकल कशाला, जालना रोडवर अजून एक उड्डाणपूल टाका. पण अहो, रूळ निजामाच्या काळापासून आहेतच ना! जालना, बदनापूर, करमाड, चिकलठाणा, मुकुंदवाडी, मेन स्टेशन, दौलताबाद, सगळं एकाच लाईनीवर, शेंद्र्याच्या एमआयडीसीतले कामगार करमाडला उतरतील, टुरिस्ट दौलताबादला आणि तिथून वेरूळसाठी शटल बस लावा. सुट्टीत दौलताबादच्या दिल्ली गेटमध्ये, म्हणजे वेरूळचा रस्ता ज्या जुन्या वेशीतून जातो तिथे, जाऊन बघा, एका वेळी एकच बस जाते, समोरून दुसरी आली की दोन्हीकडे रांगा, आणि ती जुनी कमान काय रुंद करणार? खरी अडचण सिंगल लाईनची, दुहेरीकरण झालं की गाड्या वाढवता येतील, म्हणून मागणी आत्तापासूनच लावून धरायला पाहिजे.