फिनिश युद्धमुलांच्या आठवणी : तुम्ही काय ऐकलंय?

स्टॉकहोमला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी मागच्या महिन्यात गेल्या. त्या 'सोटालाप्सी', म्हणजे युद्धमूल. 1939 नंतरच्या युद्धकाळात फिनलंडमधून सत्तर हजारांवर मुलं, बहुतेक स्वीडनला, परक्या घरी सांभाळायला पाठवली. गळ्यात नावाची चिठ्ठी. आजींनी ती बिस्किटांच्या डब्यात जपली होती. दोरी ओवायचं भोक फाटलेलं, पेन्सिलीची अक्षरं पुसट. परत गेल्या तेव्हा आई स्टेशनवर उभी होती आणि आजींना फिनिशचा एक शब्द येईना. "आई रडत होती. मी दुभाष्याकडे बघत होते." पुढे कामासाठी त्या पुन्हा स्वीडनलाच आल्या. मी हे काहीच रेकॉर्ड केलं नाही, ते फार लागून राहिलंय. म्हणून हा धागा. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर लिहा.

थंडर बे, कॅनडा
मी शिकायला इथे आलो ते जानेवारी 2022 मध्ये. फिनिश कामगारांनी 1910 साली बांधलेलं लेबर टेंपल हे सभागृह त्याआधीच्या डिसेंबरातच जळालं होतं. तळघरात 1918 पासूनची 'होइतो' खानावळ होती. माझ्या घरमालकीणबाई फिनलंडच्या पूर्वेकडच्या कारेलियातल्या. त्याच युद्धात तो मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांवर माणसांनी घरं सोडली. त्या तेव्हा सहा वर्षांच्या. निघण्याआधी आईने घर झाडून घेतलं, एवढंच त्यांना लख्ख आठवतं. रविवारी त्या कारेलियन पिराक्का करतात : राय या धान्याच्या पिठाची कागदासारखी पातळ पारी, आत तांदळाची घट्ट खीर, कडांना चिमटीने चुण्या, वरून उकडलेलं अंडं कुस्करलेलं लोणी. माझ्या चुण्या बघून म्हणाल्या, "तुझ्या आईने शिकवलंय ना?" करंज्यांचा हात उपयोगी पडला! त्या लाटत असतानाच विचारा. समोर फोन धरून बसलात की गप्प होतात.

हॅनकॉक, मिशिगन
इथलं फिनिश स्थलांतरितांनी 1896 मध्ये काढलेलं कॉलेज, पुढचं फिनलंडिया विद्यापीठ, 2023 मध्ये बंद पडलं. वारसा केंद्र आणि दप्तरखाना फिनलंडिया फाउंडेशनने वाचवला, हे मोठंच काम झालं. पण घराघरांतली पत्रं? शेजाऱ्यांकडे खोकंभर आहेत आणि नातवंडांना फिनिश वाचता येत नाही. कृपा करून टाकू देऊ नका. पाकिटंसुद्धा ठेवा, त्यांवर गावाचा शिक्का असतो.

लेक वर्थ, फ्लोरिडा
माझे सासरे हेलसिंकीचे. फेब्रुवारी 1944 मध्ये शहरावर तीन मोठे बॉम्बहल्ले झाले, तेव्हा ते चार वर्षांचे होते. ते बोलत नाहीत आणि मी विचारतही नाही. इथल्या कुणी आग्रह करू नये असं मला मनापासून वाटतं. फक्त एकदा, माझा मुलगा जिन्याखाली लपाछपी खेळत होता, तेव्हा ते त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "आम्ही इथे बसून मोजायचो." किती मोजायचे, ते मुलाने विचारलं. "आवाज थांबेपर्यंत."